पाणी किती न्यावे, हा अर्धाच प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की लांब पल्ल्याची सायकल चालवणारे विद्यार्थी मला हटकून एक प्रश्न विचारतात : "सर, दिवसभराच्या रपेटीला पाणी किती न्यावे?" विचारणाऱ्याला उत्तर लिटरमध्ये हवे असते. मी भौतिकशास्त्राचा माणूस. आकडा सांगण्याचा मोह मलाही होतो, आणि तो काढणे अवघडही नाही. तरीही हा आकडा एकटा सांगणे धोक्याचे आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्याच्या जोडीला आणखी एक आकडा हवा, आणि आपल्या हवामानाच्या बातम्यांत नेमका तोच नसतो.

आधी सोपा हिशेब. मध्यम वेगाने जाणारा सायकलस्वार पेडलवर सुमारे १०० वॅट शक्ती लावतो. मानवी स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे या १०० वॅटसाठी शरीर साधारण साडेचारशे वॅट खर्च करते आणि उरलेल्या साडेतीनशे वॅटची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाफ होऊन गेला, तर तो सुमारे २४ लाख जूल उष्णता सोबत नेतो. शाळेत शिकलेली अप्रकट उष्मा ती हीच. भागाकार केला तर तासाला अर्धा लिटर घाम लागतो. वरून ऊन आणि त्वचेपेक्षा तापलेली हवा यांची भर धरली की पाऊण लिटर. सायकलच्या दोन बॉटल केजमध्ये पाऊण लिटरच्या दोन बाटल्या मावतात. त्या दोन तासांत संपतात, आणि आठ तासांच्या प्रवासाला सहा लिटर लागतात.

पाण्याच्या वजनाची धास्ती मात्र अनाठायी आहे. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची चढण साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. एक लिटर पाणी तेवढे वर चढवायला साडेपाच किलोजूलहून थोडे कमी काम पडते. स्नायूंची कार्यक्षमता धरूनही हा खर्च जेमतेम सहा किलोकॅलरींचा, म्हणजे ग्लुकोज बिस्किटाच्या एका तुकड्याएवढा. कार्बन फायबरच्या सुट्या भागांवर हजारो रुपये खर्चून दोनशे ग्रॅम वाचवणारे आणि घाटाच्या पायथ्याशी बाटली अर्धी रिकामी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हा हिशेब दाखवला तर ते हसतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच करतात.

इथवर सगळे सरळ आहे. माझा समज मोडला तो चेन्नईहून पुदुच्चेरीकडे जाणाऱ्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, एका सप्टेंबरात. अंदाजात कमाल तापमान ३४ अंश होते. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला ३४ म्हणजे थट्टाच! मी तासाला लिटरभर पाणी पीत होतो, वाटेत दोनदा बाटल्या भरून घेतल्या होत्या. महाबलीपुरम ओलांडल्यावर अंगावर काटा येऊ लागला, भर दुपारी हुडहुडी भरली, आणि समोरच्या मैलाच्या दगडावरचा आकडा मला वाचता येईना. चहाच्या टपरीवरच्या एका आजींनी सावलीत बसवले आणि भाषेची काही अडचण न मानता विहिरीच्या पाण्याची बादली डोक्यावर रिकामी केली. त्या क्षणी सायकलवरची एक बाटली काठोकाठ भरलेली होती. पाणी कमी पडलेच नव्हते. घाम धारांनी गळत होता. वाफ होत नव्हता. गळून पडणारा घाम जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. तो शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे नेतो.

हवा घामाची किती वाफ करू देईल, हे ज्यातून कळते तो आकडा म्हणजे वेट बल्ब तापमान. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वारा दिला की पारा जिथे उतरून थांबतो, ते. घामाने भिजलेली त्वचा बाष्पीभवनाने त्याखाली जाऊ शकत नाही, मग तुम्ही समुद्र प्यालात तरी. ४२ अंश आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता अशी जैसलमेरची दुपार घ्या : वेट बल्ब सुमारे २२ अंश. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता अशी माझी ती किनाऱ्यावरची दुपार : सुमारे ३० अंश. बातमीतल्या आकड्याने पहिली भयंकर, दुसरी सुसह्य. शरीराच्या दृष्टीने मात्र पहिलीत पाणी भरपूर असेल तर निभाव लागतो, दुसरीत पाण्याने भागत नाही. वेग कमी करावा लागतो किंवा थांबावे लागते.

वेट बल्ब ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा म्हणून २०१० साली शेरवुड आणि ह्यूबर यांनी मांडली. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तरुण, निरोगी व्यक्तींवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा दमट हवेतली मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली, आणि तीही अगदी हलक्या हालचालीत. साडेतीनशे वॅट उष्णता निर्माण करणाऱ्या सायकलस्वाराची मर्यादा त्याहून खालीच असणार.

आता बातम्यांकडे पाहा. भारतीय हवामान विभागाच्या निकषांप्रमाणे उष्णतेची लाट विचारात घ्यायला सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश असावे लागते. ३४ अंशांचा दिवस या चाळणीतून अलगद निसटतो. विभाग उष्ण व दमट हवेचे इशारे देतो, २०२३ पासून उष्मा निर्देशांकही प्रायोगिक स्वरूपात काढतो, हे मान्य. पण वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर पोहोचतो तो एकच आकडा, कोरड्या तापमापकाचा. त्याच्याशेजारी वेट बल्ब छापायला नवे उपकरण लागत नाही. तापमान आणि आर्द्रता दोन्ही रोज मोजली जातातच. उरते ती एक ओळ छापण्याची तयारी.

तोवर हा आकडा सायकलवर स्वतःला काढता येतो. एका बाटलीवर जुना सुती मोजा चढवा आणि तो ओला ठेवा. पाऊण लिटर पाणी १५ अंशांनी थंड करायला जेमतेम २० मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते, आणि वारा तर सायकल स्वतःच देते. राजस्थानात जीपच्या आणि ट्रकच्या पुढे टांगलेली कॅनव्हासची छागल याच तत्त्वावर चाले, आपला माठही. माझ्या मते या मोज्याचा खरा उपयोग गार पाण्यापेक्षा वेगळा आहे : ती बाटली म्हणजेच एक ओबडधोबड वेट बल्ब तापमापक आहे. तासाभराने ती हाताला गार लागली, तर तुमचा घाम काम करतो आहे; पाणी पीत राहा. ती कोमटच राहिली, तर पाण्याचा साठा कितीही असो, सावली शोधा. मात्र बाटली उन्हाच्या थेट झोतात नको, नाहीतर ती उगाच जास्त तापमान सांगेल.

मिठाबद्दल थोडेसे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळले, आणि त्याचा संबंध अतिरेकी पाणी पिण्याशी होता. म्हणून दोनांपैकी एका बाटलीत मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी असावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली, ती योग्यच होती. सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट घेताना हे आकडे वाचावेत.

आणि हे सारे हौशी सायकलस्वारांपुरते नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. झारखंडात दोनशे किलोहून अधिक कोळसा सायकलीवर लादून ती मैलोन्मैल ढकलत नेणारे लोक आहेत. त्यांच्या सायकलीला बॉटल केज नसते, आणि थांबणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी कमी होणे. वेगाचा आणि विश्रांतीचा निर्णय माझ्यासारखा माणूस स्वतः घेऊ शकतो. त्यांना तो परवडावा यासाठी रस्त्याकाठी पाणपोई जितकी लागते, तितकीच सावलीची शेड आणि दुपारच्या कामाच्या वेळेत बदलही लागतो. हे इशारे ज्या आकड्यावर बेतले जातात, तो आकडाच चुकीचा असेल, तर जुलै-सप्टेंबरच्या दमट दुपारी त्यांच्या वाट्याला इशाराही येत नाही.

या रविवारी जे बाहेर पडतील त्यांनी मोजा चढवलेल्या आणि उघड्या अशा दोन्ही बाटल्यांतले तापमान स्वयंपाकघरातल्या साध्या तापमापकाने मोजून, ठिकाण आणि वेळेसह इथे लिहावे. कोकणातली आणि मराठवाड्यातली नोंद शेजारी ठेवून पाहण्याची मला विशेष उत्सुकता आहे.