घरात केबल मशीन घ्यावं का?

बंगळुरूहून एका वाचक मैत्रिणीने लांबलचक मेसेज पाठवलाय. वय ४६, दोन बेडरूमचा फ्लॅट, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. नवऱ्याच्या मोबाइलवर सारखी एक जाहिरात येते: सुटकेसएवढं केबल मशीन, दोन्ही बाजूंनी दोर बाहेर येतात, हँडल धरून ओढायचं, झाली जिम. तो घ्यायच्या विचारात आहे. हिला शंका, की सहा महिन्यांनी त्यावर टॉवेल वाळत असतील. शेवटी तिने लिहिलंय, "खरं सांगू का ताई, परवा पुण्याला जाताना ट्रेनमध्ये बॅग वरच्या बर्थवर ठेवताच येईना. शेजारच्या मुलाला सांगावं लागलं. आणि आईंना सोफ्यावरून उठताना हात द्यावा लागतो. या मशीनने आमचं काही होईल का, की ते फक्त यांच्यासाठीच?"

म्हणजे प्रश्न मशीनचा कमी आणि बॅगेचा जास्त आहे. तिथूनच सुरुवात करू.

वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. रोज चालायला जाणाऱ्यांचेही होतात, कारण चालण्याने हृदय आणि दम यांना फायदा होतो, पण हात, खांदे, पाठ यांच्यावर भार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. आपल्याकडे पहिली गोष्ट आता बऱ्यापैकी रुजली आहे. सकाळी कुठल्याही सोसायटीत बघा, काका-काकूंच्या फेऱ्या चालूच असतात. दुसरी मात्र "जिममधल्या पोरांचं काम" म्हणून सोडून दिली जाते.

त्यातही एक गंमत आहे. घरी जे ताकदीचे व्यायाम लोक करतात, ते आठवून बघा. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, भिंतीला हात लावून पुशअप. या सगळ्यांत आपण जमीन किंवा भिंत ढकलतो. ओढण्याचा व्यायाम यात जवळजवळ नाहीच. पूर्वी तो वेगळा करावा लागत नसे. विहिरीवर कप्पी असायची आणि दोराला बांधलेला पोहरा दोन्ही हातांनी हातोहात वर घ्यायचा. दिवसाला असे पंधरा-वीस पोहरे काढणाऱ्या बाईच्या पाठीला आणि दंडाला वेगळा व्यायाम कशाला लागेल? (ते दिवस छान होते असं मी म्हणत नाही. ज्यांनी ते पाणी काढलं त्यांना विचारा.) आता नळ आला, मिक्सर आला, आणि उरलेला वेळ आपण मोबाइलवर मान वाकवून बसतो. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे सैल पडतात, खांदे पुढे येतात.

केबल मशीनचा खरा उपयोग इथे आहे. डंबेलचं वजन फक्त खाली, जमिनीकडे ओढतं. उभं राहून डंबेल पुढून मागे ओढलं तर पाठीला काहीच कळत नाही. दोराचं तसं नाही. कप्पी ताकदीची दिशा बदलते. दोर समोरून येतो, वरून येतो, बाजूने येतो, आणि तुम्ही जिकडे उभे राहाल तिकडे भार येतो. म्हणून बसल्या जागी समोरून दोर पोटाकडे ओढता येतो, वरून खाली ओढता येतो, एका बाजूने ओढून कंबर स्थिर ठेवायचा सराव करता येतो.

बाजारात "पोर्टेबल केबल मशीन" या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि जाहिरातीत तो फरक नीट सांगत नाहीत.

पहिली सगळ्यात साधी. कप्पी, दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी प्लेट अडकवायचा दांडा. हे वर कुठेतरी भक्कम टांगावं लागतं. इथे एक आकड्याचा घोळ होतो. एकच, पक्की टांगलेली कप्पी असेल तर १० किलो उचलायला साधारण १० किलोचीच ताकद लागते. पण जिममधल्या बऱ्याच मशीनमध्ये सरकती कप्पीही असते. त्यात भार निम्मा होतो, आणि दोर दुप्पट ओढावा लागतो. त्यामुळे नवरा "मी जिममध्ये ४० लावायचो" म्हणाला आणि घरी २० वर अडला, तर काळजी नको.

दुसरी म्हणजे रबराची ट्यूब किंवा स्प्रिंग. कधी नुसती, कधी डब्याच्या आत लपवलेली. रबराचा स्वभाव असा, की जेवढं ताणाल तेवढा जोर वाढतो. सुरुवातीला हलकं, शेवटी एकदम जड. सत्तर-ऐंशीच्या दशकात मासिकांत बुलवर्करच्या जाहिराती यायच्या, त्या आजोबांच्या पिढीला आठवत असतील. वजनाशिवाय, घरच्या घरी ताकद कमावण्याचं ते आश्वासन जुनंच आहे.

तिसरी, तुमच्या नवऱ्याच्या मोबाइलवर येते ती: आत इलेक्ट्रिक मोटर. तुम्ही दोर ओढता, मोटर उलट्या दिशेने ओढते. किती ताकदीने, ते बटणाने किंवा अॅपने ठरतं. दोर सुरुवातीला असो की शेवटी, भार सारखा राहतो. काहींत दोर परत सोडताना भार वाढवायची सोयही असते. हा भाग महत्त्वाचा आहे, कारण वजन सावकाश खाली सोडताना स्नायू ओढतानापेक्षा जास्त भार पेलू शकतो. म्हणूनच ज्यांना नवीन आहे त्यांनी ही सोय पहिले दोन महिने लावूच नये. दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाणार नाही.

वजनाशिवाय भार ही कल्पना नुसती जाहिरातबाजी मात्र नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात डंबेलला वजनच नसतं, तरी तिथल्या लोकांना स्नायू आणि हाडं टिकवायची असतात. तिथे आधी रबरावर चालणारं उपकरण होतं, ते कमी पडलं. मग २००८ मध्ये निर्वात नळकांड्यांच्या जोरावर चालणारं मोठं यंत्र पाठवलं गेलं. अंतराळवीर रोज सुमारे २ तास व्यायामासाठी ठेवतात. आपले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांच्या प्रयोगांपैकी एक स्नायूंच्या पेशींवरचाच होता. स्नायूला भार किलोचा आहे की मोटरचा, हे कळत नाही. भार आहे की नाही, एवढंच कळतं.

आता घ्यायचं की नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आधी रबराच्या ट्यूबचा एक साधा सेट घ्या, दोन हँडल आणि दारात अडकवायचा पट्टा असलेला. तो मशीनच्या मानाने अगदी स्वस्त पडतो. ८ आठवडे, आठवड्यातून २ दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येकाने आपापल्या रंगाची खूण करायची. १६ पैकी १२ खुणा झाल्या तर मशीनचा विचार करा. तीन-चारच झाल्या तर मोटर आणून त्यात फरक पडणार नाही, आणि टॉवेलसाठी दोरी स्वस्त मिळते.

मोटरवालं मशीन एका घराला खरोखर शोभतं, ते म्हणजे जिथे तीन पिढ्या ते वापरणार आहेत. नवऱ्याने २५ वर ओढलं, बटण दाबलं, सासूबाईंनी ३ वर ओढलं. प्लेटा बदलायची कटकट नाही, जमिनीवर आपटायचा आवाज नाही, खालच्या मजल्यावरून फोन नाही. पण याच कारणासाठी दुकानात किंवा ऑनलाइन विचारताना सगळे जास्तीत जास्त किती किलो ते विचारतात, तुम्ही कमीत कमी किती ते विचारा. ज्या मशीनचा सगळ्यात हलका भारच ५ किलो आहे आणि पुढची पायरी थेट ७ किंवा ८, ते तुमच्या सासूबाईंच्या कामाचं नाही. मशीनचं स्वतःचं वजन किती तेही विचारा. पलंगाखालून रोज ओढून काढायला ते २० किलोचं असेल, तर काढणार कोण? इंटरनेट गेलं, किंवा अॅपचे मासिक पैसे भरले नाहीत, तर ते नुसत्या बटणावर चालतं का? दोर बदलून मिळतो का, आणि तुमच्या शहरात दुरुस्ती कोण करतं?

व्यायाम किती आणि कोणते, हे फार वाढवत नाही. पाच पुरेत. समोरून ओढणं, समोर ढकलणं, वरून खाली ओढणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि बाजूने येणारा दोर छातीजवळ धरून हात सरळ पुढे नेणं आणि कंबर वळू न देणं. प्रत्येक ८ ते १२ वेळा, अशा २ फेऱ्या. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत, पण शरीर वाकडं न होता. लागोपाठ दोन दिवस १२ सहज झाले की भार थोडा वाढवायचा. मधे किमान एक दिवस सुट्टी. अर्धा तास लागतो.

यातलं समोरून ओढणं एवढं तरी नीट शिका. स्टुलावर ताठ बसा, दोर बेंबीच्या उंचीवर. आधी खांदे खाली, कानांपासून लांब. मग कोपरं मागे न्या, अंगाला लागून, जणू मागच्या खिशात घालायची आहेत. हाताने ओढू नका, कोपराने ओढा. हँडल बरगड्यांजवळ आलं की क्षणभर थांबा, पाठीच्या दोन फऱ्यांमधली जागा आवळल्यासारखी वाटेल. ओढताना श्वास सोडायचा, परत जाताना घ्यायचा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, ही गोष्ट बीपीवाल्यांनी तर पक्की लक्षात ठेवावी. आणि परत जाताना मोजा: एक, दोन, तीन. हँडल झटकन सोडून द्यायचं नाही. सगळे ओढताना काळजी घेतात आणि सोडताना गप्पा मारतात.

दाराबद्दल मात्र मी कडक आहे. हैदराबादमध्ये मी घरोघरी जाऊन व्यायाम शिकवते, आणि नव्या घरात गेले की आधी दार बघते. तुम्ही दोर ओढाल तेव्हा दार चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. म्हणजे दार तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं. पट्टा बिजागरीच्या बाजूला अडकवायचा, कडी लावायची, आणि घरातल्यांना सांगायचं की आतून कुणी दार उघडू नका. बाथरूमचं प्लास्टिकचं दार, सरकतं दार, काचेचं दार, वॉर्डरोब, खिडकीचं ग्रिल: यांतलं काहीही चालणार नाही. रबराच्या ट्यूबला बारीक चीर दिसली की ती फेकून द्यायची, चिकटपट्टी लावायची नाही. ती तुटली की थेट तोंडावर येते. ज्या मशीनच्या फळीवर आपणच उभं राहायचं असतं, त्याला दार लागत नाही, पण गुळगुळीत टाइल्सवर खाली रबरी मॅट हवी. लहान मुलं असलेल्या घरात मोटरचा प्लग काम झालं की काढून ठेवा. आत सरकणारा दोर आणि छोटी बोटं, हे जमत नाही.

हृदयाचा त्रास, ताब्यात नसलेला बीपी, हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त असतं. हात वर जात नसेल तर वरून ओढायचा व्यायाम गाळा. हाडं ठिसूळ झाली असतील तर कंबरेत वाकून ओढायचं नाही.

खाण्याचं एकच वाक्य. आयसीएमआरच्या हिशेबाने प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री वरणाचं वरचं पाणी, यात ती भरत नाहीत. उसळ, दही, पनीर, अंडी, घट्ट वरण, जे घरात चालतं ते वाढवा.

आता सासूबाई. त्यांच्यासाठी मशीनची वाट बघू नका. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, वर एक उशी ठेवा म्हणजे उंची वाढेल. हाताचा आधार न घेता ५ वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून दोनदा, तुम्ही शेजारी उभ्या राहून. सोपं झालं की उशी काढा. मग हलक्या ट्यूबने बसून ओढणं, ८ वेळा. त्या "आता या वयात कशाला" म्हणतीलच. त्यांना सांगा की व्यायाम पूर्वीचाच आहे, फक्त विहीर नाही.

राहता राहिला तुमचा प्रश्न, की ते यांच्यासाठीच का. हे मशीन ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. मी बऱ्याच घरांत बघते, मशीन बैठकीच्या खोलीत येतं, सकाळी ७ ते साडेसात साहेब ओढतात, आणि त्याच अर्ध्या तासात डबे, चहा, मुलीची बस असते. संध्याकाळी बाईला वेळ मिळतो तेव्हा खोलीत टीव्ही लागलेला असतो. तेव्हा पैसे भरायच्या आधी घरात बसून वार ठरवून घ्या. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी डबे ते करतील, तुम्ही ओढाल. हे ठरलं नाही तर ट्यूबचा सेट तुमच्या स्वतःच्या खोलीच्या दाराला लावा आणि आतून कडी घाला. ८ ते १० आठवड्यांनी घरातलीच भरलेली बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून बघा, आधी रिकामी, मग अर्धी भरून, आणि मला कळवा.

पुढच्या भागात: गुडघे दुखत असताना जिने चढावेत की नाहीत. यावर १२ जणांनी विचारलंय, आणखी प्रश्न असतील तर लवकर पाठवा.