सेल्फ मारून गाडी चालू होत नाही, म्हणून ती भंगार?

मंडळी, एक साधा प्रश्न. शिमगा आटोपून मुंबईला जाताना पडवीत ताडपत्री टाकून ठेवलेली ओमनी गणपतीला आल्यावर पहिल्या सेल्फला चालू झाली, असे आपल्या मंडणगड तालुक्यात किती जण निघतील? बहुतेकांकडे तेच. सेल्फ घरघरतो, बॅटरी बसते, वाडीतली चार पोरं धक्का मारतात, पेट्रोलचा वास सुटतो. मग कोणीतरी शहाणा बोलतो, "कार्बोरेटर गेला हिचा. विकून टाक आता."

माझं म्हणणं सरळ आहे. कार्बोरेटर असा सहसा "जात" नाही. जातोय तो उघडून नीट बसवणारा माणूस. आणि त्याची कोणाला पडलेली नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे.

मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ पासून तिला ओमनी म्हणू लागले, २०१९ ला उत्पादन बंद झालं. पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. जुन्यांना कार्बोरेटर, नंतरच्यांना इंजेक्शन. ज्या पाखाडीपर्यंत एसटी येत नाही तिथून रात्री पेशंट कोणी नेला? आंब्याच्या पेट्या, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड कोणी वाहिलं? आपल्याकडे रेल्वे नाही, स्टेशन म्हणजे खेड. शेवटची एसटी गेली की हीच व्हॅन. त्यामुळे "जुनी झाली, नवी घ्या" हे ज्याला परवडतं त्यानेच बोलावं.

आधी गाडीचं बोलू. चालू होत नाही म्हटल्यावर नव्वद टक्के लोक पहिला हात कार्बोरेटरला घालतात आणि तिथेच फसतात. क्रम असा ठेवा : बॅटरी, करंट, पेट्रोल, हवा.

बॅटरीचे टर्मिनल आधी बघा. पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर साफ करून घट्ट करा. मग करंट. आपल्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट धरणार नाही तर काय होणार? टोपी काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा, चीर गेलीय का बघा. रोटर आणि पॉइंट बघा. पावसाळ्यातल्या बऱ्याच "कार्बोरेटर गेला"वाल्या गाड्या इथेच चालू होतात, खर्च एका फडक्याचा.

पुढे प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप न करता सेल्फ मारा, जादा पेट्रोल निघून जाईल. प्लग कोरडाठाक असेल तर पेट्रोल पोचतच नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि कोणाला तरी अॅक्सिलरेटर दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे आणि पंपाचा डायफ्राम काम करतोय. नाही दिसली तर वाटी सुकलीय, नाहीतर डायफ्राम गेलाय.

पाच महिने उभ्या गाडीची वाटी सुकतेच. पेट्रोलचा पंप इंजिनवर चालतो, सेल्फ फिरेल तेव्हाच तो पेट्रोल ओढणार. म्हणून सलग सेल्फ मारून बॅटरी मारू नका. दहा सेकंद मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. आणि हात जोडून सांगतो, बाटलीने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतत सेल्फ मारायचा प्रकार बंद करा. इंजिन सीटखाली आहे, भडका उडाला तर तोंडावरच येणार.

चालू होते पण रेस सोडली की बंद पडते? मग स्लो जेट चोंदलाय, नाहीतर कार्बोरेटरवरचा कटऑफ सोलेनॉइड मेलाय. ज्या मॉडेलला तो आहे तिथे चावी फिरवल्यावर बारीक "टिक" ऐकू यायला हवी. म्हाप्रळकडून चढ चढून भिंगळोलीला थांबवली आणि गरम गाडी पुन्हा उठत नाही? बरेचदा गरमीने पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवा, जरा दम धरा.

जेट साफ करायचा तो स्प्रेने आणि हवेने. तारेने खरवडला की भोक मोठं झालं, अॅव्हरेज गेलं ते कायमचं. हे सगळं ज्याला कळतं असा मिस्त्री आता तालुक्यात बोटावर मोजण्याइतका. नवीन पोरांना स्कॅनर लावता येतो, पण इथे स्कॅनर लावायचा कुठे? त्यांचा दोष नाही. १ एप्रिल २०२० नंतर बहुतेक नव्या बाइकलाही जुना साधा कार्बोरेटर राहिला नाही, मग शिकणार कशावर?

आता सरकारकडे येऊ. पंपावर आता ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल. परदेशी तेलावरचा खर्च कमी होतो, ऊसवाल्या शेतकऱ्याला पैसा मिळतो, हे मी मान्य करतो. इथेनॉलला विरोध म्हणून ही पोस्ट नाही. पण इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं आणि त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून स्वतःला सांभाळून घेते. कार्बोरेटरला मेंदू नाही, जेटचं भोक आहे तेवढंच. मग सकाळी गाडी उठत नाही, उठली तर चढाला अडखळते.

हे माझ्या मनाचं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. मान्य. पण करणार कोण, आणि इथेनॉलला टिकणारं किट मिळणार कुठे? दिल्लीत बसून "सोपं आहे" म्हणणं सोपं आहे.

दुसऱ्या बाजूने खिसा. जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, मग ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. गाडी धूर ओकत असेल, ब्रेक नसतील, तर खुशाल नापास करा, मी टाळ्या वाजवीन. पण तपासणीत पास होणाऱ्या, वर्षाला दोन-चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला वयाचा दंड कशासाठी? नीट ट्यून केलेला कार्बोरेटर कमी धूर सोडतो. म्हणजे प्रदूषण कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय चांगला मिस्त्री हाच आहे, आणि त्याच्यावर कोणी एक रुपया घालत नाही.

म्हणून तीन मागण्या. एक, ज्या गाड्या ई-२० साठी बनलेल्याच नाहीत त्यांच्यासाठी निदान तालुक्यात एका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा, आणि कोणत्या नळीत काय आहे ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. दोन, आयटीआयमार्फत गॅरेजवाल्यांसाठी आठ-दहा दिवसांचा वर्ग घ्या. शिकवायला आपलेच जुने मिस्त्री बोलवा, मानधन द्या. केंद्राने २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर"चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. तो हक्क गावापर्यंत येऊ द्या. तीन, फी वयावर नको, तपासणीच्या निकालावर लावा.

आणि आपणही थोडं करू. मुंबईला परत जाताना कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी झाली की जेटमध्ये चिकटा बसत नाही. टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. बॅटरीची वायर सोडा. एवढं केलंत तरी गणपतीला धक्का मारणारी पोरं आरतीला मोकळी राहतील.

तुमच्या गावात कार्बोरेटर नीट उघडून बसवणारा मिस्त्री असेल तर त्याला विचारून कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव टाका. यादी करू आणि निवेदनाला जोडू. आणि हो, "नवी गाडी घे" असा सल्ला देणाऱ्यांनी सोबत हप्ता कोण भरणार तेही लिहा.