नितळ पाण्यातला चोर

मुलांनो, महाबळेश्वरला उगम पावलेली आपली कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाई, कऱ्हाड करत सांगलीला येते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी तिचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळीच 45 फूट! समजा, असा पूर ओसरला, गाळ बसला आणि विहिरीचं पाणी पुन्हा नितळ दिसू लागलं. मग प्यायचं का? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणतील, थांबा!

पुरात गटाराचं पाणी विहिरीत शिरलं असेल, तर टायफॉईड, कॉलऱ्याचे जिवाणू त्यात असू शकतात. प्रत्येक रोगाचा जिवाणू वेगवेगळा शोधायला फार वेळ लागतो. म्हणून शास्त्रज्ञ आधी कोलिफॉर्म नावाच्या जिवाणूंचा माग काढतात. त्यांच्यातला ई. कोलाय हा माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, की पाण्यात मैला मिसळलाय हे नक्की.

चोर पकडायचा कसा? परीक्षानळीत दुधातली साखर घातलेलं जांभळं द्रव असतं. आत एक चिमुकली नळी उपडी ठेवलेली. त्यात विहिरीचं पाणी घालून 37 अंश सेल्सिअसच्या उबेत एक-दोन दिवस ठेवतात. कोलिफॉर्मनी साखर फस्त केली, की आम्ल होऊन जांभळ्याचं पिवळं होतं आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. मग खात्रीसाठी पुढच्या चाचण्या.

सोपं वाटलं ना? पण जिवाणू आपल्या हातावर, हवेत, टेबलावर, सगळीकडे असतात. सापडलेला जिवाणू विहिरीतलाच कशावरून? सातारच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससारख्या ठिकाणी हा विषय शिकणारी मुलं आधी हेच शिकतात. बर्नरच्या ज्योतीजवळ काम करायचं. तारेचं टोक लालबुंद तापवायचं. काचसामान ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्येच म्हणा ना, 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवायचं. शिवाय एका नळीत मुद्दाम निर्जंतुक पाणी घालायचं. तीही पिवळी झाली, तर चूक आपल्याच हातची. सगळं पहिल्यापासून!

बाटली भरण्यातही शिस्त हवी. विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली असेल, तर त्यातला क्लोरीन बाटलीतही वाटभर जिवाणू मारत राहतो आणि घाण पाणी चांगलं ठरू शकतं. म्हणून बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीनला निकामी करतं. जिवाणू वाटेत वाढू नयेत म्हणून बाटली बर्फात ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवतात. त्या एका कागदावर अख्खं गाव पाणी पिणार असतं!

आईबाबांनाही सांगा: अहवाल येईपर्यंत पाणी चांगलं खळखळून उकळूनच प्यायचं.

आता तुमच्यासाठी गणित. ऊब आणि खाऊ भरपूर मिळाला, तर ई. कोलाय 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. चार तासांत एकाचे किती?

(उत्तर: 4096)