जुन्या गाडीला नवा फोन

यंदा ईदनंतर आम्ही गाडी बदलली. बदलली म्हणजे कोरी घेतली असे नव्हे. आमची छोटी गाडी जुन्या गाड्यांच्या एका दलालाला दिली, वर थोडे पैसे घातले आणि त्याच्याकडून जराशी मोठी घेतली. तीही 2012 सालची. अम्मींचे गुडघे दुखतात, उंच सीटवर बसायला त्यांना सोपे जाते, एवढाच हिशेब. दलालाने मात्र स्टिअरिंगवरचे फोनचे बटण दाबून दाखवत "ब्लूटूथ आहे साहेब" असे मोठ्या ऐटीत सांगितले होते.

पुतणीच्या निकाहसाठी कुर्ल्याहून खेडला निघालो. घरचे लग्न म्हटल्यावर दर पाच मिनिटांनी फोन. हातात फोन धरून गाडी चालवणे 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच धोकादायक ठरवले आहे, तेव्हा मुलाला म्हटले, जोड बाबा ते ब्लूटूथ. पनवेल मागे पडले तरी फोनच्या यादीत गाडीचे नाव येईना. पेणला चहाला थांबलो तेव्हा उलगडा झाला. ही सिस्टीम चालत्या गाडीत नवा फोन घेतच नाही. गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, मग मेनूत जाऊन 'पेअर फोन' दाबायचे. त्यानंतरच ती फोनला दिसते, तेही थोडा वेळच.

दाबले, तर म्हणते मेमरी फुल. पाच फोनांची जागा आणि पाचही भरलेल्या. एक 'पप्पा', एक 'मम्मी न्यू', असे आधीच्या मालकाचे अख्खे कुटुंब आत बसलेले. पाचही पुसले. मग चार आकड्यांचा पिन मागितला. 0000 चालला नाही, 1234 चालला. (2007 मध्ये ब्लूटूथची 2.1 आवृत्ती आली, त्यात सहा आकडे दोन्हीकडे जुळवून पाहायची सोय झाली. गाडीतले यंत्र मात्र पुष्कळदा गाडीहूनही जुन्या पद्धतीचे असते.) तुमचा फोन आधी जोडलेला होता आणि आता रुसला असेल, तर नुसते गाडीतून पुसून भागत नाही. फोनमध्येही त्या गाडीच्या नावापुढे 'फर्गेट' करा आणि दोन्हीकडून नव्याने ओळख करून द्या.

फोन जोडला गेला. अम्मी म्हणाल्या, आता नात लावा. लागली, पण फोनच्याच बारीक आवाजात! बिघाड काही नव्हता. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या सोयींनी जातात. पुष्कळ जुन्या गाड्यांना फक्त पहिली येते. त्यासाठी तास घालवू नका. गाडीत ऑक्सचे गोल भोक असेल तर वायर लावा. फोनला तसे भोक नसेल तर छोटा जोड बाजारात मिळतो.

खरी गोष्ट यापुढे घडली. फोनने विचारले, गाडीला तुमचे कॉन्टॅक्ट देऊ का? आम्ही 'हो' म्हणणार तोच बेगमने गाडीची फोनबुक उघडली. आत नावेच नावे. ट्यूशन टीचर, गायनॅक मॅडम, मम्मी बँक. फोन पुसले होते, पण त्यांचे नंबर गाडीच्या पोटात तसेच होते.

बेगमनी विचारले, "मग आपल्या जुन्या गाडीत काय राहिलंय?"

आम्ही गप्प. त्या गाडीत आम्ही हौसेने सगळी फोनबुक भरली होती. बहिणी, भावजया, आणि आमची भाची. तिने गेल्या वर्षी नंबर बदलला तो कारणाने, आणि नवा नंबर घरच्या चौघांनाच दिला होता. ते कारण इथे लिहिण्यासारखे नाही. मात्र जुन्या गाड्यांच्या बाजारात फिरणारे एक माणूस त्या कारणात आहे.

नव्या गाडीतून पहिला फोन लागला तो दलालाला. गाडी अजून त्याच्याकडेच होती, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचे होते. धाकट्या भावाला लगेच पिटाळले. त्याने जोडलेले फोन पुसले, तरी नावे जाईनात. शेवटी सेटिंगमध्ये खोलवर 'फॅक्टरी रीसेट' सापडले, ते दाबल्यावर गेली. गाडी विकणाऱ्याने चावी देण्याआधी हे करावे, आणि घेणाऱ्याने चावी हातात आल्यावर. आम्ही दोन्ही वेळा विसरलो होतो.

पोलादपूरच्या अलीकडे मुलाने भावाने पाठवलेला फोटो दाखवला. निळा पडदा आणि त्यावर 'नो एंट्री'. भाचीला आम्ही अजून यातले काही सांगितलेले नाही. नव्या गाडीत सध्या एकच फोन जोडलेला आहे, आणि कॉन्टॅक्टच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असे दिले आहे. नंबर बेगम तोंडी सांगतात.