आधी विचारा, काय दाखवू?



फुकेतच्या सहलीहून परत आलो आणि ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. समुद्र, होडी, आपल्या आचाऱ्याने तिथे केलेल्या मुगाच्या डाळीची खिचडी. त्यातच एक फोटो पातोंगच्या दुकानातल्या विक्रेतीचा होता. तिला न विचारता काढलेला. खाली लिहिलं होतं, "ओळखा पाहू, बाई की पुरुष?" त्याखाली हसण्याची रांग. मी त्या दिवशी गप्प बसले. आज बोलते, आणि जरा कडकच बोलते.

त्या दुकानात आपण किती वेळ घेतला, आठवतं का? सुका आंबा, काजू, नारळाचे काप. प्रत्येक पाकिटाला आपला एकच प्रश्न: यात मासळी आहे का, कोळंबी आहे का, कांदा-लसूण आहे का? तिथे तिखट खाऊत वाळलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी सहज असतं, आणि पाकिटावरची अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत. तिने वीस-पंचवीस पाकिटं उलटून वाचली. चालणारी एकीकडे, न चालणारी दुसरीकडे ठेवली. पिवळ्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली खूण तिनेच दाखवली. त्या खुणेच्या जेवणात मांस-मासे नाहीत, शिवाय कांदा-लसूणही नाही. बटाटा-गाजर मात्र चालतं, म्हणून तेवढं आपल्याला विचारावं लागतं, हेही तिने समजून घेतलं. एकदाही हसली नाही, "हे कसलं तुमचं खाणं?" म्हणाली नाही. आणि आपण पिशव्या भरून बाहेर पडलो नाही, तोच तिच्या आवाजावरून हसायला लागलो.

सगळ्या जगाने आपले नियम हसू न आणता पाळावेत, अशी आपली अपेक्षा असते. विमानात, लग्नात, हॉटेलात. मग ज्या बाईने ते पाळले, तिच्या असण्याला आपण हसावं?

तिथे अशा स्त्रियांना 'कथोई' म्हणतात. पातोंगमध्ये काही दुकानांच्या दारावर सप्तरंगी झेंडा दिसतो, समलिंगी जोडप्यांना तिथे कुणी टक लावून बघत नाही. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न कायदेशीर झालं. पण तो देश म्हणजे स्वर्ग, असंही समजू नका. लग्नाच्या त्या कायद्याने कथोईच्या ओळखपत्रावरचं 'श्री' काही बदललं नाही. एकविसाव्या वर्षी लष्करभरतीच्या सोडतीला तिलाही पुरुष म्हणून हजर व्हावं लागतं. काउंटरवर, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात, नाचगाण्याच्या कार्यक्रमात ती दिसते, कारण बाकीची अनेक दारं तिला सहज उघडत नाहीत. झेंडा लावणं सोपं असतं.

आता आपल्या घराकडे येते. आपण दुकानदारांच्या लेकी-सुना. आमच्या कापडाच्या दुकानात मी दुपारी गल्ल्यावर बसते. काही वर्षांपूर्वी एक तृतीयपंथी बाई दारात आली. पोऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने दहाची नोट तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "चला, पुढे व्हा." ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "वहिनी, मी मागायला नाही आले. साडी घ्यायची आहे." तिच्या मुठीत पैसे होते. मला इतकी लाज वाटली, की "या, बसा" म्हणायलाही सुचलं नाही. दहाची नोट काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण साडी दाखवायची की नाही, हे न्यायालय ठरवत नाही. ते गल्ल्यावर बसलेली बाई ठरवते.

एक जाऊबाई मला म्हणाल्या, "शास्त्रात हे बसत नाही." मग शास्त्रच बघू. चौदा मार्गणांत वेद ही एक मार्गणा आहे: स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद. शरीराचा तो द्रव्यवेद आणि मनाचा तो भाववेद, असा भेद आपल्या आचार्यांनी हजार वर्षांपूर्वीच केला. गोम्मटसारात स्पष्ट सांगितलं आहे, की हे दोन्ही बहुधा सारखे असतात, क्वचित वेगळे. जे ऐकून आपण तोंडावर पदर घेतो, ते त्यांनी शांतपणे नोंदवून ठेवलं. नपुंसकवेदाला विटांच्या भट्टीची उपमा आहे, हे मला माहीत आहे. पण स्त्रीवेदाला गोवरीच्या विस्तवाची आहे, हे आपण का विसरतो? तिन्ही वेद मोहनीय कर्माचेच. ती उपमा वाचून तुम्हाला-मला कुणी दुकानातून बाहेर काढलं नाही. शास्त्र जिथे तिघांनाही बांधलेलं म्हणतं, तिथे आपण दोघांना सोडून एकाकडे बोट दाखवतो. आणि कुचेष्टेला तर कोणत्याच अणुव्रतात जागा नाही.

मी कुणाला झेंडा लावा म्हणत नाही. एवढंच मागते. दारात येणाऱ्याला आधी विचारा, "काय दाखवू?" नोट पुढे करायची घाई नको. दोन मुली एकसारख्या अंगठ्या बघत असतील, तर दाखवा, चौकशा करू नका. दुकानातल्या पोरांना हे नीट समजावा, कारण ती आपल्या मानेकडे बघून वागतात.

आणि ग्रुपवरचा तो फोटो ज्यांनी टाकला, त्यांनी आज काढावा. क्षमावाणीला आपण एकमेकींना क्षमा मागतो, ज्यांच्याशी रोज गोड बोलतो त्यांनाच. पातोंगच्या त्या मुलीची क्षमा मागायला आपण परत जाणार नाही. फोटो काढणं तरी हातात आहे.

माझी ती बाई परत आली नाही. आली, तर मी उठून उभी राहीन.

जय जिनेंद्र.