चेन अर्धी उघडी ठेव

वाचकहो, एरवी या पानावर मी तुमच्याशी पुस्तकांविषयी, नाहीतर माझ्या विद्यार्थ्यांविषयी बोलते. दिवाळी अंकासाठी मात्र विषय शोधावा लागला नाही. तो आमच्या घरात शिवणाच्या मशीनवरच पडला होता. एक पिशवी! कापडाची, घरी शिवलेली, चेन लावलेली.

फराळ पाठवायचा तो घरच्या पिशवीतून, हा आईचा जुना नेम. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या सोसायटीत कोण धांदल उडाली! आई मात्र शांत. "मी कधी घेतली होती?" एवढेच म्हणाली. दसरा झाला की जुन्या चादरी, इरकली लुगड्यांचे काठ, पडद्यांचे उरलेले तुकडे बाहेर निघतात आणि वसुबारसेपर्यंत दहा-बारा पिशव्या तयार होतात. रिक्षात डबा कलंडला तरी चिवडा पिशवीतच राहावा, म्हणून प्रत्येकीला चेन.

मराठी शिकवणारी म्हणून मला कुणी या वस्तूचा शुद्ध मराठी प्रतिशब्द विचारला, की मी सांगते, चेन. पुण्याच्या बोहरी आळीत दुसरे काही मागून पाहा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहील! इंग्रजी नावाचे तरी काय? अमेरिकेतल्या व्हिटकम जडसनने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आपली बंदिस्ती मांडली ती बुटांसाठी. तिला हुक होते आणि ती भलत्या वेळी उघडे. पुढे गिडिऑन संडबॅक या मूळच्या स्वीडिश इंजिनियराने १९१३ साली हुकांना रजा देऊन दात बसवले. प्रत्येक दाताला एका अंगाला उंचवटा, दुसऱ्या अंगाला खळगा. मग १९२३ साली गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना 'झिपर' हे नाव दिले, आणि बुटांचे नाव चेनलाच चिकटले. तेव्हा आपण दातांची साखळी पाहून चेन म्हटले, तर काय बिघडले?

आईने मला चेन लावायला शिकवली तेव्हा मी बारा वर्षांची होते. चेन मीटरवर घ्यायची, रनर वेगळे. पिशवीला ५ नंबरची, ३ नंबरची नाजूक पडते. हा नंबर म्हणजे साधारणपणे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी, हे मला फार उशिरा कळले. आईला ते बोटाला कळे. तोडून घेतलेल्या चेनच्या टोकांना अडसर नसतो, रनर सरळ हातात येतो. म्हणून दोन्ही टोकांना बोटभर कापड शिवून टाकायचे. मग पिशवीचे कापड सुलट पसरायचे, त्यावर चेन पालथी, तिच्यावर अस्तर पालथे. "करंजीसारखं," आई म्हणे, "वर-खाली पारी, मध्ये सारण." काठाला काठ जुळवून आधी हाताने धावदोरा घालायचा. नुसत्या टाचण्यांवर विसंबले तर चेन सरकते. मशीनला एकेरी पाय लावायचा, म्हणजे टीप दातांजवळून जाते. पण फार जवळूनही नको, नाहीतर अस्तर जन्मभर रनरमध्ये अडकत राहते. मध्येच रनर आडवा आला, तर सुई कापडात रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, रनर मागे सारायचा आणि पुढे जायचे. कापड उलटवून वरून आणखी एक टीप. दुसऱ्या काठाला पुन्हा हेच.

"आणि बाजू शिवायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेव."

हे शेवटचे वाक्य मी त्या दिवशी कानाआड केले. उलट्या पिशवीच्या दोन्ही बाजू शिवून टाकल्या आणि पाहते तो काय, सुलटी करायला तोंडच नाही! रनर आत, मी बाहेर. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि उसवायला तिने माझ्या हातात ब्लेड दिले. शेजारपाजारच्या साड्यांना फॉल लावून ती चार पैसे मिळवी. माझ्या एम. ए.च्या फीत त्यातलेही होते.

यंदा दसऱ्यानंतर एका दुपारी कॉलेजातून आले, तर आई मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. ती पिशवी इकडून तिकडे फिरवत होती.

"अगं, हिचं तोंड कुठं गेलं?"

मला हसू आले. "आई, चेन अर्धी..." म्हणता म्हणता मी थांबले. आई हसत नव्हती. परक्या घरात अंधारात दिव्याचे बटण चाचपावे, तशी तिची बोटे शिवणीवरून फिरत होती. टाके नेहमीसारखेच, एकासारखा एक. मग मला आठवले, त्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेले होते. नातीला ती माझ्या नावाने हाक मारू लागली होती. वय झाले, एवढे म्हणून मी त्यावर पडदा टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. तपासण्या चालू आहेत.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी पिशवीची एक बाजू उसवली, आत हात घालून चेन उघडली, पुन्हा शिवली आणि सुलटी करून गठ्ठ्यात ठेवून दिली. सकाळी चहा घेताना आईने नेमकी तीच उचलली. आतून उलटी केली आणि शिवणीवरून नख फिरवले.

"रात्री मशीनचा आवाज आला मला."

मी काही बोलले नाही.

"टीप तिरकी गेलीय तुझी." मग तिने चेन लावून तयार असलेली दुसरी पिशवी पुढे ओढली, रनर मधोमध आणला आणि ती माझ्या हातात दिली. "हिच्या बाजू तू शीव."

तेव्हापासून चेन ती लावते, बाजू मी शिवते. यंदा आमच्याकडून ज्यांना फराळ येईल, त्यांनी पिशव्या कृपा करून आतून पाहू नयेत.