कार्डावरचा रिकामा रकाना

शिबिराच्या कार्डावर बहुधा इतकेच लिहिलेले असते: उजवा ६/२४, डावा ६/१८, खाली 'चष्मा दिला'. पिनहोलचा रकाना कोरा. स्नेलेन यांचा १८६२ चा तक्ता दृष्टी किती उरली ते सांगतो, का गेली ते सांगत नाही. लघुदृष्टी, मोतीबिंदू, बुबुळावरचे फूल, मॅक्युलाची सूज, सगळे त्याच ६/२४ वर अडकू शकतात.

पिनहोलच्या सव्वा मिलिमीटरच्या भोकातून किरणांची बारीक शलाका आत जाते आणि नंबरामुळे येणारा धूसरपणा घटतो. रुग्ण दोन ओळी खाली वाचू लागला तर दोष बहुधा नंबराचा. सुधारणा नाही, उलट आणखी कमी दिसते म्हणाला, तर भिंग, पडदा आणि नस तपासायलाच हवी. मोठ्या नंबरात पिनहोल पूर्ण ६/६ देत नाही, सुरुवातीच्या मोतीबिंदूत थोडे फसवतेही. तरी अर्ध्या मिनिटात इतके सांगणारे दुसरे साधन आपल्या पेटीत नाही.

साठीतल्या आजी खुशीत सांगतात, "चष्मा सुटला बघा, सुईत दोरा ओवते." भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तसा मायनस नंबर चढतो, म्हणून जवळचे दिसू लागते. दुकानदार दर सहा महिन्यांनी लांबची नवी काच बसवून देतो (त्याचे काय जाते!) आणि मोतीबिंदू पिकत राहतो. मधुमेहींचा नंबरही साखरेबरोबर हलतो. साखर स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी तपासलेला नंबरच खरा.

६/६ वाचणाऱ्याचेही कार्ड लगेच मिटू नये. काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, बाजूचे क्षेत्र आधी जाते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने २०१७ मध्ये अंधत्वाची मर्यादा चांगल्या डोळ्यात ६/६० वरून ३/६० वर आणली. त्या व्याख्येत दहा अंशांहून कमी दृष्टिक्षेत्रही आहे. आपण मोजतो मात्र फक्त ओळी.

शिबिरे भरवणाऱ्यांना एकच विनंती. कार्डावर प्रत्येक डोळ्यासाठी बिनचष्म्याची, पिनहोलची आणि चष्म्यासह अशा तिन्ही नोंदी हव्यात. पिनहोलने न सुधारलेल्याला नुसता चष्मा देऊन घरी धाडू नये. पुढचा कप्पा उथळ नाही ना, हे टॉर्चने पाहून बाहुली मोठी करावी, पडदा बघावा. तिथे ते जमणार नसेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या चिठ्ठीवर पिनहोलचा आकडा लिहून द्यावा.